शाकुंतलातील हृदयपरिवर्तन : एका रूढ वाचनाचा प्रतिवाद

१

‘अभिज्ञानशाकुंतला’विषयी मराठीत जे लिहिले गेले आहे आणि पदव्युत्तर वर्गांतून जे शिकवले जाते, त्यातील एक प्रमेय इतके अंगवळणी पडले आहे की ते प्रमेय आहे, सिद्ध करून दाखवावे लागणारे विधान आहे, याचेही भान सुटले आहे. ते सामान्यतः असे मांडले जाते : तपोवनात जडलेले प्रेम शरीराच्या ओढीचे, म्हणून अस्थिर, विरहात ते तावून सुलाखून निघते, आणि मारीचाच्या आश्रमात पुत्राच्या दर्शनाने ते वात्सल्यात आणि दांपत्यात प्रतिष्ठित होते. मृगयेच्या नादात आलेला राजा अखेरीस पती आणि पिता होऊन परततो. प्रेम आणि अपत्यस्नेह माणसाला आमूलाग्र बदलतात याचे अभिजात उदाहरण म्हणून या नाटकाकडे बोट दाखवले जाते.

या वाचनाची कुळकथा लपलेली नाही. विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरावरून जर्मन भाषांतर झाले, ते वाचून ग्यॉटेने १७९१ साली आपली सुप्रसिद्ध चार ओळींची प्रशस्ती लिहिली. आणि त्या प्रशस्तीचे सूत्र धरून रवींद्रनाथांनी ‘प्राचीन साहित्य’ (१९०७) या संग्रहातील निबंधात मर्त्य प्रेमाकडून स्वर्गीय प्रेमाकडे जाणारा प्रवास या नाटकात पाहिला. रवींद्रनाथांचा निबंध मोठा आहे. त्याच्या सावलीत वाढलेली समीक्षा मात्र खुरटी राहिली. मूळ निबंधातील अस्वस्थ करणाऱ्या जागा तिने वगळल्या आणि आरोहणाची शिडी तेवढी उचलली.

प्रश्न या शिडीचा आहे. नाटकाच्या संहितेत ती आहे काय? असल्यास तिच्यावरून कोण चढते? आणि ती कोणाच्या खांद्यावर टेकवलेली आहे? ‘परिवर्तन’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की आठवण परत येणे, दुःख होणे, वारस मिळणे आणि स्वभाव पालटणे या चार वेगळ्या घटना त्याच्या पोटात एकजीव होऊन जातात. समीक्षेचे पहिले कर्तव्य त्या वेगळ्या करणे हे आहे.

२

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तेथील दुष्यंताला सारे आठवत असते. भर सभेत तो शकुंतलेला नाकारतो, ती त्याच्याशी पत्नी आणि पुत्र यांच्या महत्त्वाविषयी दीर्घ वाद घालते, आकाशवाणी होते, आणि मग राजा सांगतो की आपल्याला सत्य ठाऊक होते, पण केवळ हिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. हा राजा वाचकाला आवडो वा न आवडो, तो आपल्या कृत्याचा कर्ता आहे. कालिदासाने त्याच्याकडून हे कर्तेपण काढून घेतले आणि दुर्वासाच्या हाती दिले.

येथे रूढ वाचन ज्या पेचात सापडते तो त्याने कधी प्रामाणिकपणे सोडवलेला नाही. पाचव्या अंकातील नकार शापाचा परिणाम असेल, तर दुष्यंताचा त्यात अपराध नाही. अपराध नसेल तर सहाव्या अंकातील त्याची अवस्था दुःखाची म्हणता येईल, पश्चात्तापाची म्हणता येणार नाही. कारण पश्चात्ताप स्वतःच्या कृत्याचा होतो, अंगावर कोसळलेल्या आपत्तीचा होत नाही. उलट ती अवस्था खऱ्या पश्चात्तापाची असेल, तर शाप हे नकाराचे पुरेसे स्पष्टीकरण राहत नाही आणि राजाच्या स्वभावाचा हिशेब मांडणे भाग पडते. रूढ समीक्षा दोन्ही लाभ एकदम घेते : शापाच्या आधाराने नायकाला निर्दोष ठरवते आणि पश्चात्तापाच्या आधाराने त्याला शुद्ध झालेला ठरवते. जो मळलाच नव्हता तो धुऊन स्वच्छ झाला, असे म्हणण्यासारखे हे आहे.

सातव्या अंकात या पेचाची कसोटी आयतीच मिळते. मारीच शापाचा उलगडा करतो तेव्हा दुष्यंताच्या तोंडी येणारा पहिला उद्गार सुटकेचा आहे. लोकापवादातून मोकळा झालो, असा त्याचा आशय आहे. या क्षणी त्याला समाधान वाटावे हे मानवी आहे, त्यासाठी त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे हृदय पालटले आहे असे सांगितले जाते, त्याचे मन या घटकेलाही बोल लागण्या-न लागण्याच्या हिशेबात आहे, हे नोंदवायला नको काय? महाभारतातील राजाला ज्या लोकापवादाची धास्ती होती, ती कालिदासाच्या राजाच्या मनातूनही गेलेली नाही. शापाने तिच्यावर पांघरूण घातले आहे इतकेच.

जुने साहित्यशास्त्र या बाबतीत आधुनिक समीक्षेपेक्षा अधिक सरळ आहे. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त शापाची ही नवी कल्पना प्रकरणवक्रतेचे उदाहरण म्हणून गौरवली आहे. मूळ कथेत जे नायकाला शोभत नव्हते ते कवीने कौशल्याने सावरले, ही त्यामागची जाण आहे. म्हणजे परंपरा मोकळेपणाने सांगते की कवीने नायकाला वाचवले. आधुनिक समीक्षक या वाचवलेल्या नायकाला घेतो आणि तो सुधारला म्हणून त्याची आरती करतो.

३

आता शापाबाहेरची एक जागा पाहू. पाचव्या अंकाच्या आरंभी, शकुंतला राजसभेत पोचण्यापूर्वी, पडद्याआडून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. एका फुलाचा मध चाखून दुसरीकडे रमलेल्या भ्रमराला तिने उपालंभ दिला आहे. राजाला त्याचा रोख कळतो. हिच्यावर आपण एकदाच प्रेम केले होते आणि आता वसुमती राणीच्या निमित्ताने ती टोमणा मारीत आहे, असे तो हसत विदूषकाला सांगतो आणि तिची समजूत घालायला त्यालाच पाठवून देतो. हंसपदिकेला विसरायला कोणत्याही ऋषीच्या शापाची गरज पडलेली नाही.

ही जागा रवींद्रनाथांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. शापाने जे घडले त्याचे बीज राजाच्या स्वभावातच होते, हे कवीने येथे सुचवले आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. त्यांच्या मागून येणाऱ्यांनी ही सूचना सोडून दिली, कारण ती धरली की पुढचा प्रश्न अटळ होतो : हे बीज पुढे कोठे नष्ट झालेले दिसते? सहाव्या आणि सातव्या अंकांत हंसपदिकेचे नावही निघत नाही. ज्या एका व्यक्तीच्या संदर्भात राजाच्या स्वभावातील पालट तपासता आला असता, तिला नाटक गाण्यापुरते बोलावते आणि अंतःपुरात परत पाठवते. यानंतर तिच्याविषयी राजाला काही वाटले, याचा तिळमात्र पुरावा संहितेत नाही.

सहावा अंक हा परिवर्तनवाद्यांचा मुख्य आधार. वसंतोत्सव बंद केला जातो, राजा कृश झाला आहे, चित्र रेखाटतो आहे, चित्रातल्या भ्रमराला धमकावतो आहे. आणि अदृश्य राहिलेली सानुमती हे सारे पाहून निश्चिंत होते. या अंकातील करुणाची तीव्रता नाकारणे अरसिकपणाचे होईल. पण रसिकता म्हणजे डोळे मिटणे नव्हे. वसुमती येत आहे असे कळताच हा विरहव्याकूळ राजा शकुंतलेचे चित्र विदूषकाच्या हाती देऊन लांब पाठवतो. सानुमतीही हे पाहते आणि मन दुसरीकडे गेले तरी राजा आधीच्या प्रेमाचा मान राखतो, म्हणून त्याचे कौतुक करते. दाक्षिण्य हा अनेक राण्यांच्या राजाचा शास्त्रसंमत गुण आहे, हे खरेच. तेव्हा एवढेच म्हणावे की पहिल्या अंकातला दक्षिण नायक सहाव्या अंकातही दक्षिणच आहे. व्यवस्था तीच, शिष्टाचार तोच. दुःखाचा विषय मात्र नवा.

या अंकाचा कणा पुढे आहे. सागरी व्यापार करणारा धनमित्र नौका बुडून मेला. तो निपुत्रिक, म्हणून त्याची संपत्ती राजाकडे यायची, असे अमात्याचे पत्र येते. राजा विचारतो, त्याच्या भार्यांपैकी कोणी गर्भवती आहे काय. एक आहे असे कळताच तो गर्भ पित्याच्या धनाचा अधिकारी ठरवतो, आणि प्रजेपैकी ज्याचे जे आप्त माणूस जाईल त्याच्या जागी दुष्यंत आहे, अशी घोषणा करवतो. राजा म्हणून त्याची ही कृती थोर आहे, यात शंका नाही. पण तिच्यातून त्याचे मन कोठे वळते ते पाहिले पाहिजे. आपल्यामागे पुरुवंशाची लक्ष्मी अशीच निराधार होईल, पितरांना पिंड कोण देईल, या विचाराने तो मूर्च्छित होतो; आणि टाकलेल्या पत्नीची आठवण पेरणी होऊन पिकाला येणाऱ्या जमिनीच्या उपमेतून येते. चित्रफलकापाशी जो प्रियकर होता तो या पत्रानंतर वारस गमावलेला राजा होतो. प्रेमाचे रूपांतर कुटुंबभावनेत झाले असे म्हणायचे तर म्हणावे. मात्र ज्याला कुटुंबभावना म्हटले जाते तिच्या गाभ्याशी दाय आणि पिंड आहेत, हे लपवू नये. कालिदासाने ते लपवलेले नाही.

सातव्या अंकात सिंहशावकाचे दात मोजू पाहणाऱ्या सर्वदमनाविषयी राजाच्या मनात ओळख पटण्यापूर्वीच माया दाटून येते. हा प्रसंग साऱ्या संस्कृत नाट्यातील अत्यंत कोमल प्रसंगांपैकी एक आहे, आणि येथे दुष्यंताच्या मनात काही सच्चे हलते हे मान्य केले पाहिजे. तरीही प्रसंगाची घडण पाहावी : मुलाच्या तळहातावरील चक्रवर्तिलक्षणे, मग पुरुवंशाचा उल्लेख, मग आईचे नाव, मग मातापिता आणि तो स्वतः यांच्यावाचून कोणी उचलल्यास सर्प होणारी अपराजिता औषधी. एकेक खूण पटत जाते आणि सर्वांच्या शेवटी, एकवेणी आणि मलिन वस्त्रे घातलेली शकुंतला प्रवेश करते. पत्नीपर्यंतची वाट पुत्रावरून जाते.

४

कुटुंबबंध माणसाला बदलतात असे म्हणणाऱ्याने पाचव्या अंकापाशी थांबायला हवे. मराठी मन चौथ्या अंकापाशी थांबते. त्यात नवल नाही : शाकुंतलात चौथा अंक श्रेष्ठ असे सांगणारे सुभाषित पाठ असते, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी जो पहिला प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच होता. सासरी निघालेली मुलगी, कंठ दाटलेला कण्व, पदर ओढणारे हरिणाचे पाडस — एवढ्यावर पडदा पडला तर कुटुंब ही निखळ मायेची वस्तू दिसते.

पण त्याच अंकाच्या शेवटी कण्वाला हलके वाटते. दुसऱ्याची ठेव धन्याला पोचती केल्याचा तो हलकेपणा आहे. या एका भावनेचा अर्थ पुढचा अंक उलगडून दाखवतो. राजा नाकारतो तेव्हा शार्ङ्गरव राजाशी ताठ मानेने भांडतो, पण शकुंतला मागोमाग निघताच तो तिलाच दरडावतो : राजा म्हणतो तशी ती असेल तर पित्याला तिचा उपयोग नाही, आणि ती शुद्ध असेल तर पतीच्या घरी दास्यही तिने पत्करावे. गौतमी कळवळते, पण तीही निघून जाते. पतीने नाकारले आणि माहेराने दार लावले, अशी गर्भवती स्त्री राजसभेच्या मधोमध उभी राहते. राजपुरोहिताचा तोडगाही गर्भापुरता आहे : प्रसूतीपर्यंत हिने आपल्या घरी राहावे, पुत्राच्या अंगी चक्रवर्तिलक्षणे दिसली तर तिला अंतःपुरात घ्यावे, न दिसली तर पित्याकडे धाडावे. यानंतर आकाशातून तेज उतरते आणि तिला घेऊन जाते. पृथ्वीवर तिला घर उरलेले नाही, हे कवीने अद्भुताच्या साहाय्याने सांगितले आहे.

म्हणून कुटुंबाच्या ऊबेने सारे काही शुद्ध होते हे सूत्र या नाटकावर लादता येत नाही. तेच कुटुंब पाचव्या अंकात तिला बाहेर ठेवते आणि सातव्यात आत घेते. मधल्या काळात कुटुंबाचा नियम बदललेला नाही, तिच्या कडेवरचा पुत्र तेवढा वाढलेला आहे.

५

यावर एक भारदस्त आक्षेप येईल. संस्कृत नाटकाचा नायक धीरोदात्त. त्याची प्रकृती ठरलेली. विप्रलंभातून संभोगशृंगाराकडे रसाची वाटचाल होते, पात्राच्या स्वभावाची होत नाही. तेव्हा राजाचे मन पालटले की नाही, हा प्रश्नच परका आहे. हा आक्षेप बहुतांशी योग्य आहे, आणि तो मान्य केला की सर्वप्रथम कोसळते ते परिवर्तनवाद्यांचेच वाचन. कारण काम-तप-शुद्धी अशी पायऱ्यापायऱ्यांची नैतिक चढण ही रसचर्चेची भाषा नाही. व्यक्तीच्या अंतःकरणाची घडण हा विषय मानणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभिरुचीचा वाटा तिच्यात मोठा आहे. ती चढण आपल्या परंपरेची म्हणून मिरवायची आणि कोणी ती मोजू लागला की प्रश्न परका म्हणून धुडकावायचा, हा शास्त्रार्थ नव्हे.

आणि तुलनाच करायची तर ती जेथे बोचते तेथे करावी. रवींद्रनाथांनी शेक्सपिअरचे ‘द टेम्पेस्ट’ घेतले होते. खरी जवळीक ‘द विंटर्स टेल’शी आहे. लिऑन्टीझ निष्पाप हर्मायनीवर आरोप करतो, नवजात मुलीला टाकून देववितो, देववाणीही झुगारतो. त्याच्यासाठी कोणताही शाप नाही. कृत्य त्याचे, म्हणून सोळा वर्षांचा पश्चात्तापही त्याचा. हरवलेली पर्डिटा परत येते, पुतळा वाटणारी हर्मायनी हलते आणि पतीला आलिंगन देते. पण तिच्या मुखातून निघणारे शब्द मुलीसाठी आहेत, पतीसाठी एकही नाही. आणि मॅमिलिअस हा मुलगा मेला तो मेलाच. परिवर्तनाची किंमत कोणी मोजली, हे ते नाटक प्रेक्षकाला विसरू देत नाही.

भवभूतीनेही विस्मृतीचा आडोसा घेतलेला नाही. ‘उत्तररामचरिता’तील रामाला सारे आठवते, तो सीतेला निर्दोष जाणतो आणि तरीही टाकतो. तिसऱ्या अंकात अदृश्य सीतेच्या देखत तो विलाप करतो, वासंती त्याला तोंडावर जाब विचारते. विलाप कितीही खरा असला तरी निर्णय त्याने बदलत नाही. शेवटी अरुंधती प्रजेला विचारते, प्रजा मान तुकवते, तेव्हा सीता परत येते. प्रेमाने राजाचे मन आधीच भरलेले होते. अडसर मनात नव्हता, राजपदात होता. कालिदासाने जी गोष्ट शापाखाली झाकली ती भवभूतीने उघडी ठेवली. दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ‘प्रेमाने माणूस बदलतो’ हे सूत्र पुरेसे वाटणे कठीण आहे.

६

मग या नाटकात कोणीच बदलत नाही काय? एक व्यक्ती बदलते, आणि रूढ वाचनात तिच्याकडे पाहायला सवड नसते. पहिल्या तीन अंकांतील शकुंतला शब्दावर विश्वास ठेवते. चौथ्यात सख्या तिला शापाविषयी काही सांगत नाहीत. राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव, एवढेच सांगतात, आणि त्या शंकेनेही ती थरारते. पाचव्यात ती अंगठी शोधते, ती बोटात नसते. मग ती आठवणी सांगते, त्या धूर्तपणाच्या ठरतात. तेव्हा ही आश्रमकन्या भर सभेत राजाला अनार्य म्हणते आणि धर्माचा अंगरखा घातलेला, गवताने तोंड झाकलेल्या विहिरीसारखा फसवा माणूस ठरवते. तिला ही भाषा कोणी शिकवली नव्हती.

सातव्या अंकात राजा तिच्या पायांवर डोके ठेवतो. ती त्याला उठवते, दोष आपल्या पूर्वकर्मावर घेते, रडते. परिवर्तनवादी येथे समाधानाने थांबतात : तिने क्षमा केली, वर्तुळ पुरे झाले. पण कवी थांबलेला नाही. राजाच्या बोटातील अंगठी तिला दिसते. तो ती तिला देऊ करतो, आणि ती नाकारते. हिच्यावर आपला विश्वास नाही, ती तुमच्याच हाती असू द्या, अशा अर्थाचे थोडेसे शब्द ती बोलते. नाटकाचे नाव ज्या खुणेवरून पडले ती खूण नायिका परत घेत नाही. एवढ्यात मातली प्रवेश करतो आणि प्रसंग पुढे सरकतो. या नकाराला नाटकात कोणीही उत्तर देत नाही.

हा रुसवा नव्हे आणि लडिवाळपणाही नव्हे. क्षमा आणि अविश्वास ही दोन्ही तिच्या ठायी एकाच वेळी आहेत, आणि कवीने एकाने दुसऱ्याला पुसू दिलेले नाही. जिच्या म्हणण्याला खुणेवाचून किंमत आली नाही, तिने खुणेलाच किंमत द्यायचे नाकारले. शिवाय शापाचा उलगडा याच्या नंतर होतो. म्हणजे तिने क्षमा केली तेव्हा तिच्यापाशी कोणतेही स्पष्टीकरण नव्हते. ती क्षमा सर्वस्वी तिची आहे. दुष्यंत बदलला याचा पुरावा म्हणून ती सादर करणे हा तिच्या उदारतेचा गैरवापर आहे. उलगडा झाल्यावरही, राजाने अकारण टाकले नव्हते याचा तिला दिलासा वाटतो खरा, पण आपल्याला शाप झाल्याचे तिला आठवत नाही. राजाला सारे आठवू लागले असताना तिच्या वाट्याला न आठवणारे दुःख येते.

वादाचे मूळ येथे आहे. एका स्त्रीने सोसायचे, त्या सोसण्याने एका पुरुषाचे अंतःकरण उजळायचे, आणि समीक्षेने त्या उजेडाला प्रेमाची परिणती म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. तो सिंधूच्या बाबतीत ‘एकच प्याला’ (१९१९) शिकवताना चालतो, सीतेच्या बाबतीत चालतो. सुधाकर तर शेवटी कोठे पोचतो हे ठाऊक असूनही चालतो. विद्यार्थी या नाटकांतून जे घेऊन बाहेर पडतो ते बहुधा एवढेच असते की सोसले की समोरचा बदलतो. ज्या संहितेच्या नावावर हे शिकवले जाते तिने तसे म्हटलेले नाही, हे सांगणे ही समीक्षेची किमान जबाबदारी आहे.

शाकुंतलाचे थोरपण याने उणावत नाही. राजाश्रयी कवीने राजाला सांभाळले, पुत्र दिला, भरतवाक्यात राज्यकर्त्याच्या प्रजाहिताची आणि सरस्वतीच्या गौरवाची कामना केली. आणि हे सारे करीत असतानाच हंसपदिकेचे गाणे ठेवले, शार्ङ्गरवाचे दरडावणे ठेवले, बोटात न गेलेली अंगठी ठेवली. या तीन जागा जो वाचन म्हणून हिशेबात घेत नाही, त्याने हृदयपरिवर्तनाची भाषा बोलण्यापूर्वी सातवा अंक पुन्हा एकदा, आणि या वेळी दुष्यंताच्या खांद्यावरून न पाहता, वाचावा.